भिंग लावल्यावर बोलायचं नाही

त्या घड्याळापायी मी जो मार खाल्ला, त्यातली पहिली थप्पड कोंबड्यावरून बसली.

मी घड्याळासोबत आलेल्या फ्रेंच पुस्तिकेतल्या ओळीवर बोट ठेवून वाचत होते. एक शब्द आला. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी त्याचा जो अर्थ शिकवला होता तोच मी सांगितला. म्हटलं, इथं कोंबडा लिहिलंय. नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं, टेबलावर नीट पालथं ठेवलं आणि उलट्या हाताने माझ्या कानशिलात दिली.

"घड्याळात कोंबडा असतोय काय गे? माझी चेष्टा करायलीस?"

त्याने फळीवरचा सुट्या भागांचा इंग्रजी कॅटलॉग काढला, पानं उलटली आणि एका चित्रावर येऊन थांबला. घड्याळातलं हलतं चाक वरून धरून ठेवणारी पितळी पट्टी असते ना, तिला इंग्रजांनीही कोंबडाच म्हटलं होतं. मग भालचंद्र किल्लेकर, म्हणजे माझा नवरा, हसायला लागला ते थांबेचना. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "लिही, कोंबडा लिही," म्हणाला. माझा गाल अजून चुरचुरत होता. थप्पड काही परत घेता येत नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. मीही हसले, हे मात्र सांगून टाकते.

बेळगावात शहापूरच्या पेठेत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. फुर्तादो म्हणून एक निवृत्त कर्नल एक दिवस भलंमोठं फ्रेंच घड्याळ घेऊन आले. त्यांच्या बायकोच्या मामांनी ते पाँडिचेरीहून आणलेलं. वर घड्याळ, आणि खाली लाकडी पेटीत गाण्याचं यंत्र. दर तासाला पितळेचा काटेरी रूळ फिरावा आणि गाणं वाजावं अशी सोय. घड्याळ चालत होतं, पण गाणं कर्नलच्या बायकोने लहानपणापासून कधी ऐकलं नव्हतं. त्याची स्प्रिंग केव्हाच तुटलीय, असं ते म्हणाले. विलायतेत एक गिऱ्हाईक ते घ्यायला तयार होतं. पण अट अशी, की घड्याळ साफ करून हवं आणि सोबतची फ्रेंच पुस्तिका इंग्रजीत करून हवी, तीही प्रत्येक भागाचं धंद्यातलं खरं नाव घालून.

कॅम्पातल्या दुकानांनी हात वर केले होते. माझा नवरा म्हणाला, "माय वाइफ नोज फ्रेंच." माझ्याबद्दल त्याने बढाई मारलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

मला फ्रेंच येत होतं ते माझ्या वडिलांमुळे. ते कॉन्व्हेंटात आचारी होते. तिथे सिस्टर क्लोतिल्द नावाच्या एक म्हाताऱ्या बेल्जियन बाई होत्या. आपल्या भाषेत बोलायला त्यांना कुणीच उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आचाऱ्याच्या पोरीला धरलं. मी लसूण सोलायची आणि क्रियापदं म्हणायची. त्यामुळे माझं फ्रेंच प्रार्थनेचं, स्वयंपाकाचं आणि बागेचं. घड्याळाच्या पोटात काय असतं ते मला मराठीतही ठाऊक नव्हतं.

तरी ते काम मला आवडलं. मी म्हणायची, इथं लहान पिंप लिहिलंय. तो चिमट्याने दाखवायचा, हे बघ, ह्या पितळी डबीत स्प्रिंग गुंडाळलेली असते, लिही, बॅरल. मी म्हणायची, चाकाला मागे जाऊ न देणारी खुंटी. तो म्हणायचा, क्लिक. लिहिलंय काय ते मला कळायचं, वस्तू कुठली ते त्याला कळायचं, एकाचं दुसऱ्यावाचून अडायचं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी टेबलाच्या त्याच्या बाजूला बसत होते. जेवणं झाली की तो स्वतःहून हाक मारायचा. माणूस बदलेल असं मला वाटायला लागलं होतं. आशा वेडी असते, आणि मी काही तिच्याहून शहाणी नव्हते.

आमच्या घरात एक नियम होता. डोळ्याला भिंग लावलं की कुणी बोलायचं नाही. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. घड्याळाचा स्क्रू खसखशीच्या दाण्याएवढा, कुणी दचकवलं की गेला फरशीच्या फटीत. त्यामुळे भिंग लागलं की भांड्याला भांडं लागायचं नाही. गिऱ्हाईकसुद्धा पायरीवर मुकाट उभं राहायचं. किल्लेकरांच्या दुकानात देवळासारखं शांत असतं, असं पेठेत कौतुकाने सांगत. त्या शांततेला काय लागतं ते आतल्यांना ठाऊक. एकदा मी "दूध उतू जातंय" एवढंच म्हणाले होते. त्याच्या हातातल्या चाकाच्या आसाचं टोक मोडलं. त्याने कमरेचा पट्टा काढला, आणि बक्कल माझ्या तोंडावर लागून पुढचा दात पडला. तेव्हापासून मी दूध उतू जाऊ देत असे.

दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यात माझ्या सासूबाई बसलेल्या असत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ठार बहिऱ्या. दशरथ, म्हणजे माझा धाकटा दीर, पाळण्यात असताना त्यांना ताप आला आणि कान गेले, असं सगळे सांगत. मांडीवर सूप घेऊन त्या तांदूळ निवडायच्या आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. लोक त्यांना मंद समजत. ह्या घरातल्या नियमाचा जाच नाही अशी एकच बाई, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं. हेवाही वाटायचा.

घड्याळाचा वरचा भाग साफ झाला आणि आम्ही पुस्तिकेतल्या गाण्याच्या पानांवर आलो. तिथे जाड अक्षरांत एक सूचना होती. मी ती दोनदा वाचली आणि मग सांगितली. गाणं थांबलं म्हणजे स्प्रिंग रिकामी झाली असं समजू नये. आधी क्लिक धरून चावीने स्प्रिंग हळूहळू सोडून द्यावी, आणि मगच बॅरलवरच्या ब्रिजचे, म्हणजे ती डबी वरून दाबून धरणाऱ्या पट्टीचे, स्क्रू काढावेत. तसं न केल्यास हाताला गंभीर इजा होईल.

त्याने सोडून देण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगितलं, मी वाक्य लिहून घेतलं. एवढं प्रत्येक घड्याळवाल्याला माहीत असतं, तो म्हणाला, मनगटी घड्याळातसुद्धा आधी स्प्रिंग सोडावी लागते.

"मग हिची सोडणार कशी?" मी विचारलं. चावी बसायची ती जागाच झिजून गोल झाली होती.

"ही मेलीय," तो म्हणाला. "मेलेल्याची नाडी बघतेस काय?"

मी पुन्हा म्हटलं, लिहिलंय जपून करा म्हणून. त्यावर त्याने स्टीलची पट्टी घेऊन माझ्या बोटांच्या पेरांवर मारली. जोरात नाही, सवयीने मारतात तशी. लिहायचं काम तुझं, उघडायचं माझं, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. त्याने गाण्याचं यंत्र पेटीतून काढून समोर ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि घर गप्प झालं. मी शेजारी कागद घेऊन बसले होते. आत्याबाई उंबऱ्यात होत्या, सूप मांडीवर.

त्याने ब्रिजचा एक स्क्रू काढला. दुसरा काढला. तिसऱ्याला हात घातला, आणि बॅरलवरचं मोठं दातेरी चाक हललं. जेमतेम हललं, पण मी बघितलं. मेलेली वस्तू हलत नाही. ती स्प्रिंग तुटली नव्हती. पुढे कुठेतरी काहीतरी अडकलं होतं, आणि एवढी वर्षं ती तशीच ताणून, भरून बसली होती. त्याचं भिंग स्क्रूवर होतं, त्याला चाक दिसतच नव्हतं.

माझी जीभ आधी पडलेल्या दाताच्या जागी गेली. खोटं कशाला सांगू, आधी ती तिकडेच गेली. मग मी बोलले.

"अहो, थांबा. चाक हललं. भरलेली आहे ती."

त्याने मान वळवली नाही. भिंगही काढलं नाही. डावा हात तेवढा सुटला आणि मूठ माझ्या जबड्यावर बसली. मी स्टुलासकट मागे पडले. डोकं भिंतीवर आपटलं, तोंडात खारट चव आली. खालून मला त्याचा उजवा हात दिसत होता. त्या हाताने स्क्रू फिरवणं सोडलं नव्हतं.

आवाज झाला तो फटाक्यासारखा नव्हता. पत्रा फाडावा तसा होता. स्प्रिंगची दोन बोटं रुंदीची पोलादी पट्टी एका क्षणात बाहेर आली, टेबलावर सापासारखी आपटली, वर गेली, पुन्हा खाली आली. पितळी डबी समोरच्या कपाटाची काच फोडून आत गेली. भिंगाचे तुकडे त्याच्या गालात रुतले. आणि त्याचा उजवा हात. अंगठा जागेवर नव्हता, शेजारचं बोट कातडीला लोंबत होतं, आणि रक्त टेबलावरच्या सगळ्या चाकांवरून, स्क्रूंवरून, माझ्या कागदांवरून वाहत होतं. तो ओरडलाच नाही. हाताकडे बघत राहिला.

मी पदर फाडून त्याच्या मनगटाला आवळून बांधला. शेजारच्यांनी रिक्षा आणली, दशरथला निरोप धाडला. रिक्षात बसताना त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत दुखण्यापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

दुपारी दशरथ इस्पितळातून थेट घरी आला तेव्हा कळलं. भरली स्प्रिंग न सोडता ब्रिज उघडला, हे कुठल्या तोंडाने सांगणार भालचंद्र किल्लेकर? शिकाऊ पोरसुद्धा ती चूक करत नाही. म्हणून त्याने सांगितलं, बायकोने मुद्दाम उलटं वाचून दाखवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

दशरथ तालमीत वाढलेला, हात म्हणजे मुसळं. मी दुकानातलं रक्त पुसत होते. त्याने मला केसांनी धरून उठवलं आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा एकदा. भुवई फुटून डोळ्यात रक्त उतरलं. दारात पेठेतली माणसं जमली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांतल्या काहींच्या मनगटावर आमच्याकडे दुरुस्त झालेली घड्याळं होती. घरचा मामला, आपण कशाला पडा, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"भाऊजी, मी थांबा म्हटलं होतं," मी म्हटलं. "हे बघा, लिहिलंय, आधी स्प्रिंग सोडा म्हणून."

कागद रक्ताने चिकटले होते. त्याने ते चुरगाळून फेकले. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्या घटकेला त्याने वाचलं नसतं.

"तू उघडा म्हटलीस. मुद्दाम. तो सांगतोय मला, रडत सांगतोय. आयुष्यभर आता चमचा धरता यायचा न्हाई त्याला." त्याचा आवाज चिरकला. "त्याचा हात गेला. आता तुझा."

टेबलाच्या कोपऱ्यावर एक लोखंडी व्हाइस बसवलेला होता. दांडी फिरवली की त्याचे दोन जबडे जवळ येतात आणि मधली वस्तू घट्ट धरतात. दशरथने माझा उजवा हात त्यात घातला आणि दांडी फिरवली. पहिल्यांदा नुसता दाब आला. पुढच्या फेऱ्याला हाडावर हाड चढलं. मी ओरडले. एवढ्या वर्षांत त्या दुकानात कुणी ओरडलं नव्हतं, ते मी ओरडले. हा हात गेला तर मला लिहिता येणार नव्हतं, भाकरी थापता येणार नव्हती, माहेरी वडील उरले नव्हते. थोटी बायको कोण पोसणार? त्या वेदनेतही मला हे सगळं दिसत होतं. त्याने दांडीवर पुन्हा हात ठेवला.

तेव्हा आत्याबाई उठल्या.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आल्या. घाई नाही, काही नाही. दशरथच्या मागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी तो बत्ता त्याच्या कोपरावर घातला. हाड वाजलेलं मी ऐकलं. दशरथ गुडघ्यावर आला, आणि आपल्याला कुणी मारलं ते मान वळवून बघायला लागला.

"ती बोलली," आत्याबाई म्हणाल्या. बहिऱ्या माणसाचा असतो तसा सपाट, मोठा आवाज. पार पायरीपर्यंत गेला. "मी तोंड बघितलंय तिचं. थांबा म्हटली. चाक हललं म्हटली. भरलीय म्हटली. मग त्यानं मारलं तिला. मारलं, आणि मगच ते फुटलं."

"आई, तुला ऐकू येत न्हाई." दशरथ कण्हत होता. "तुला काय कळतंय?"

त्यांनी त्याच्या ओठांवरून ते वाचलं. "ऐकू येत न्हाई म्हणून तर बघते. इतकी वर्सं दुसरं काय केलंय मी?"

मग त्या त्याच्या जवळ वाकल्या. बत्ता हातातच होता.

"माझे कान तापानं गेलेत म्हणून सांगतोस लोकास्नी. ताप कसला? तुझा बा ह्याच टेबलाला भिंग लावून बसलेला. तू पाळण्यातनं तोंडावर पडलास. तुझ्या तोंडातनं रक्त आलं, म्हणून मी त्यास्नी हाक मारली." त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. "हा कान हाकेपायी गेला." मग उजव्यावर. "आणि हा रडले म्हणून."

दारातली माणसं खाली बघायला लागली. दशरथ उठला, चांगल्या हाताने व्हाइसच्या दांडीला लागला. घाबरून त्याने दांडी आधी आवळायच्याच बाजूला फिरवली आणि माझी करंगळी मोडली ती तेव्हा. मग जबडे सुटले. ती करंगळी अजून वाकडी आहे, पावसाळ्यात ठणकते. दशरथ त्याच टेबलाखाली रक्तात बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्या माझी बोटं एकेक करून हलवून बघत होत्या.

भालचंद्र इस्पितळातून घरी आला तेव्हा हात बोचक्यासारखा बांधलेला होता. टेबलापाशी बसल्या बसल्या त्याने मला काहीतरी बोलून डावा हात उगारला. आत्याबाईंनी बत्ता आणून टेबलावर ठेवला, चिमट्यांच्या शेजारी. तो हात तसाच खाली आला. पुढे काही दिवस तो बसून राहिला आणि मग स्वतःच दशरथकडे राहायला गेला. मी थांबवलं नाही. त्याच्या आईनेही नाही.

कर्नल फुर्तादो आले आणि गाण्याच्या यंत्राचे तुकडे बघून हळहळले. घड्याळ ते तसंच घेऊन गेले. पुस्तिकेचं काम मात्र मी पुरं करून दिलं, मोडक्या करंगळीला फळी बांधून. ज्या शब्दांना चित्र नव्हतं त्यांच्यासाठी तेवढी एकदा दशरथच्या घरी गेले आणि दारात उभं राहून विचारलं. भालचंद्रने सांगितले. भिंतीकडे बघत, पण सगळे बरोबर सांगितले.

दुकान मी चालवायला घेतलं. आधी गजराची घड्याळं, मग हळूहळू मनगटी. प्रत्येक भागाचं नाव मला दोन भाषांत पाठ होतं, हातांना शिकायला मात्र वेळ लागला. पहिल्यांदा डोळ्याला भिंग लावलं तेव्हा पायरीवरचं गिऱ्हाईक सवयीने गप्प झालं, रस्त्यावरून येणारी बाई थबकली, आणि मीही श्वास धरून बसले. ते जुनं सगळं पुन्हा त्या खोलीत येऊन उभं राहिलं.

आत्याबाई आता उंबऱ्यात नाही, टेबलाच्या पलीकडे माझ्या समोरच बसत. भिंगातून मला फक्त चाकं दिसायची, त्या दिसायच्या नाहीत. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत असायच्या. मी बराच वेळ गप्प राहिले की टेबलावर हात आपटून मोठ्याने म्हणायच्या, "बोल की गे पोरी."

मग मी बोलायची. काहीही बोलायची. दुधाचं, भाजीचं, कोंबड्याचं. हातातला स्क्रू एकदाही पडला नाही.